सहा हॉर्सपॉवरचं धूड

भाच्याचा प्रश्न साधा होता. त्याची मोटरसायकल 97.2 सीसीची, 8000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 8000 फेऱ्यांना, जवळजवळ 8 हॉर्सपॉवर देणारी. आणि आमच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडलेल्या आबांच्या इंजनाच्या पाटीवर लिहिलंय : 6 हॉर्सपॉवर, 650 आरपीएम. "मामा, हे धूड हलवायला सहा गडी लागतात. माझ्या गाडीचं इंजन मी एकटा उचलतो. मग ते आठचं आणि हे सहाचं, असं कसं?"

मी पॉलिटेक्निकला शिकवतो, तेव्हा उत्तर देणं भागच होतं. पण फळ्यावर सूत्र लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. अंबाजोगाई ते रेणापूर या आमच्या पट्ट्यात इंजनाची पारख करताना माणसं तीनच गोष्टी विचारतात : डिझेल किती पितंय, ओढतंय का, आणि कॉम्प्रेशन धरतंय का, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबून धरतंय का. गावाला या तिन्ही गोष्टी एकच वाटतात. डिझेल पाजलं की ते ओढणारच. जास्त पाजलं की जास्त ओढणार. खरी गंमत अशी की या तीन वेगळ्या राशी आहेत आणि त्यांच्यातलं नातं सरळ नाही.

आधी डिझेल. लिटरभर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे विजेची 10 युनिटं. हा आकडा ऐकून कुणी दचकत नाही, पण दचकायला हवं. एवढ्या ऊर्जेने एक टन वजन सरळ वर साडेतीन किलोमीटर उचलता येईल, अर्थात सगळीच्या सगळी कामी आली तर. ती येत नाही. चांगल्या अवस्थेतलं शेतीचं डिझेल इंजन त्यातला एक तृतीयांश वाटा शाफ्टवर देतं. उरलेल्यातला बराचसा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातो आणि बाकीचा थंड करणाऱ्या पाण्यातून, तेलातून, इंजनाच्या अंगावरून. पुढे पंप त्याच्यावर आपला हात मारतो. विहीर आणि पाइप धरून 20 मीटरचा उपसा आहे आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी आहे असं धरलं, तर लिटरभर डिझेलमध्ये 30 हजार लिटरच्या आसपास पाणी वर येतं. सगळी ऊर्जा पाण्याला लागली असती तर 1 लाख 80 हजार लिटर आलं असतं. आबांना हा हिशोब सांगितला असता तर त्यांनी सायलेन्सरलाच बादली लावली असती.

पण हा झाला जमाखर्च. लिटरमागे किती पाणी, हे तो सांगतो. तासाला किती पाणी, हे सांगत नाही. हॉर्सपॉवर हा तासाचा, खरं तर सेकंदाचा मामला आहे, आणि तिथे डिझेलला थेट प्रवेश नाही. डिझेल जळून उष्णता होते, उष्णतेने कोंडलेली हवा फुगू पाहते, तिला फुगता येत नाही म्हणून दाब वाढतो, आणि तो दाब पिस्टनला ढकलतो. पिस्टनला आत काय जळतंय याची काही खबर नसते. त्याला फक्त दाब कळतो.

हँडल मारून इंजन चालू केलेल्या माणसाला हा दाब हाताने माहीत असतो. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि फ्लायव्हील मोकळं फिरतं. चांगला वेग आला की खटका सोडायचा. त्या क्षणी हाताला जो हिसका बसतो तो कॉम्प्रेशनचा. चाक पुरेशा जोरात नसेल तर पिस्टन अर्ध्यातून परत येतो आणि हँडल वेळेत निघालं नाही तर मनगट जातं. जातंच. आमच्या भागात हात वाकडा असलेल्या जुन्या माणसांना कारण विचारायची फारशी गरज नसते.

विहिरींवर सर्रास दिसणारं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) 80 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) 110, म्हणजे 553 सीसी. ते हवा साडेसोळा पट दाबतं. एवढी दाबली की हवा 500 अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून आलेलं डिझेल ठिणगीशिवाय आपोआप पेटतं. पेटल्यावर दाब 60 बारच्या घरात जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा). पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहातापेक्षाही कमी, आणि त्यावर तीन टनांचा भार. ऐकायला भारी वाटतं. पण हा भार नेमका येतो कधी? पिस्टन वरच्या टोकाला असताना. तेव्हा पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) आणि त्याने फिरणारा शाफ्टचा बाक (क्रँक) जवळपास एका रेषेत असतात. तीन टन ढकलतात, पण फिरवत काहीच नाहीत. क्रँक कलतो, रॉडला कोन मिळतो, तोवर पिस्टन खाली सरकलेला असतो, जागा वाढलेली असते आणि दाब झपाट्याने उतरू लागतो. म्हणून सगळ्यात मोठा दाब किती हा आकडा हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाचे, बोल्ट आणि बेअरिंग ठरवणाऱ्याच्या कामाचा. ओढ त्यावरून कळत नाही.

ओढ कळते ती सरासरी दाबावरून. ही सरासरी जरा वेगळी आहे. समजा दाब वरखाली न होता संपूर्ण पॉवर स्ट्रोकभर, म्हणजे पेटल्यावर पिस्टन खाली ढकलला जातो त्या धावेत, एकसारखा राहिला, आणि तरीही शाफ्टवर तेवढंच काम झालं, तर तो एकसारखा दाब किती असेल? हवा ओढणं, दाबणं, धूर बाहेर टाकणं, घर्षण, सगळ्यांचं देणं चुकवून उरलेला हा दाब. पाच हॉर्सपॉवरच्या त्या इंजनात तो भरतो 5.35 बार. कुठे 60 आणि कुठे साडेपाच!

दाबाकडे असं पाहायला जगाला जेम्स वॅटच्या कारखान्याने शिकवलं. वॅटचा सहायक जॉन सदर्न याने 1796 मध्ये वाफेच्या इंजनाला एक छोटं उपकरण जोडलं. आतल्या दाबाने पेन्सिल वरखाली व्हायची आणि पिस्टनच्या हालचालीने कागद मागेपुढे सरकायचा. एका फेऱ्यात कागदावर एक बंद आकृती उमटे, आणि त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यात झालेलं काम. वॅटच्या कंपनीने हे उपकरण बरीच वर्षं गुपित ठेवलं. ठेवणारच! प्रतिस्पर्ध्याच्या इंजनाचं पोट न उघडता त्याला काय दुखतंय ते कळायची सोय होती ती. सरासरी दाब, स्ट्रोकची लांबी, पिस्टनचं क्षेत्रफळ आणि मिनिटाला किती ठोके, या चौघांचा गुणाकार म्हणजे पॉवर, हा हिशोब तेव्हापासून तसाच आहे. पोरं परीक्षेसाठी तो पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात.

आता भाच्याचा प्रश्न. आबांचं इंजन लिस्टर पद्धतीचं, राजकोटी बनावटीचं. 72च्या दुष्काळानंतर विहीर खोदली तेव्हा ते आलं. मूळ लिस्टर 1930च्या सुमाराचं, इंग्लंडमधलं. राजकोटच्या कारागिरांनी त्याच्या नकला इतक्या काढल्या की आता मूळ शोधत बसण्यात अर्थ नाही. बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे 1433 सीसी. मिनिटाला 650 फेरे, आणि फोर-स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांना एक ठोका. सेकंदाला पाचाहून थोडे जास्त ठोके पडतात, म्हणून तर कानाला एकेक वेगळा ऐकू येतो आणि शेजारच्या शिवारातूनही कळतं की कुणाचं इंजन चालू आहे. एका ठोक्यात हे धूड सव्वाआठशे ज्यूल काम करतं : 84 किलो वजन मीटरभर उचलण्याएवढं. मोटरसायकलचा एक ठोका 88 ज्यूलचा, म्हणजे नऊ किलोचा. एकेका ठोक्याला आबांचं इंजन नऊपट भारी आहे. पण मोटरसायकल 8000 फेऱ्यांना सेकंदात 66 ठोके मारते. पाच गुणिले सव्वाआठशे करा, सहासष्ट गुणिले अठ्ठ्याऐंशी करा. गाडी पुढे निघून जाते.

"मग ह्यालाच आठ हजारावर पळवलं तर?"

पळवून दाखव, म्हटलं. साडेपाच इंचांचा स्ट्रोक असताना 8000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 37 मीटर होईल. शर्यतीच्या गाड्यांची इंजनं 25च्या आसपास दमतात. आबांच्या इंजनात हा वेग फक्त 3 मीटर आहे, आणि मोटरसायकलमध्ये 13. दर स्ट्रोकला पिस्टनला थांबवून उलटं फिरवायचं असतं, आणि वेग दुप्पट केला की त्या उलटफेराचा ताण चौपट होतो. आणि बिडाची ती दोन अजस्र चाकं फार आधीच फुटून दोन शिवारं पलीकडे जातील. लहान पिस्टन, आखूड स्ट्रोक आणि भरमसाट फेरे ही मोटरसायकलची वाट. जड पिस्टन, लांब स्ट्रोक आणि सावकाश ठोके ही लिस्टरची. दोघांच्या आयुष्यातला फरक रिंगा-लायनर बदलणारा मिस्त्रीच जाणे.

मला मात्र या आकड्यांत दुसरंच काही दिसतं. लिस्टरचा सरासरी दाब पावणेसहा बार. किर्लोस्करचा 5.35. ज्याच्या नावाने हे इंजन ओळखलं जातं त्या रुडॉल्फ डिझेलचं स्वतःचं पहिलं यशस्वी इंजन, 1897 साली आउग्सबुर्गला तपासलेलं, 20 हॉर्सपॉवरचं, जवळजवळ 20 लिटर आकारमानाचं, मिनिटाला पावणेदोनशेपर्यंत फेरे घेणारं. त्याचा सरासरी दाब काढला तर येतो सव्वापाच बार. मध्ये एवढा काळ गेला, आकार वीस लिटरवरून अर्ध्या लिटरवर आला, फेरे आठपट झाले, नोझल-पंप सगळं बदललं, आणि सरासरी दाब मात्र पाच-साडेपाचच्या आसपासच घुटमळत राहिला. असं का?

डिझेलसाहेबांना स्वतःलाही या दाबाने चांगलंच पिदडलं होतं. 1893 मध्ये त्यांनी कागदावर मांडलेलं इंजन भलतंच स्वप्नाळू होतं : हवा 250 वातावरणांच्या (जवळपास तेवढ्याच बारच्या) दाबापर्यंत दाबायची, इंधन हळूहळू अशा बेताने जाळायचं की तापमान वाढूच नये, आणि ऊर्जेतला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा कामाला लावायचा. गणित बरोबर होतं. पण त्या पद्धतीने जाळलं तर पॉवर स्ट्रोकमधला दाब आणि कॉम्प्रेशनमधला दाब यांच्यात फरकच उरत नव्हता. सरासरी दाब इतका क्षीण निघे की इंजनाला स्वतःचं घर्षणही ओढवलं नसतं. कार्यक्षमता कागदावर आभाळाला टेकलेली आणि शाफ्टवर शून्य. शेवटी त्यांनी कॉम्प्रेशन पुष्कळ उतरवलं, इंधन जास्त सोडलं, तापमान वाढू दिलं, आणि 1897 मध्ये 26 टक्क्यांवर समाधान मानलं. तेव्हाच्या वाफेच्या इंजनांपुढे ते 26 टक्केही अद्भुत होते. ऊर्जा वाचवणं आणि ऊर्जा वेळेवर हातात येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या माणसाला फार महागात कळलं असणार.

सरासरी दाब पाच-साडेपाचवर अडतो त्याचं कारण मात्र जळणात नाही, हवेत आहे. किलोभर डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. लिटरचा हिशोब केला तर 12 किलो. आमच्या बालाघाटच्या पठारावर तेवढ्या हवेला जागा लागते 11 हजार लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा जो टँकर येतो, जवळपास तेवढी हवा एका लिटर डिझेलमागे, आणि तीही किमान. प्रत्यक्षात डिझेल इंजन याहून बरीच जास्त घेतं, कारण फवारलेल्या थेंबाला सिलिंडरच्या कानाकोपऱ्यातली हवा गाठायला वेळच मिळत नाही. 553 सीसीच्या सिलिंडरमध्ये एका वेळी अर्धा ग्रॅमच्या आसपास हवा मावते. इंधनाची टाकी हवी तेवढी मोठी करा, आत बसणारी हवा तेवढीच. इंधन हे त्या हवेच्या मापाने द्यायचं असतं.

आणि इथे निसर्गाने एक मजेदार गोष्ट करून ठेवली आहे. डिझेलच्या किलोत साडेबेचाळीस मेगाज्यूल, पेट्रोलच्या किलोत चव्वेचाळीस, इथेनॉलच्या किलोत जेमतेम सत्तावीस. पण किलोभर पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते आणि इथेनॉलला फक्त 9. भागाकार करून पाहा. तिन्ही ठिकाणी उत्तर सारखंच येतं : किलोभर हवेमागे सुमारे 3 मेगाज्यूल. म्हणजे जळण कुठलंही असो, सिलिंडरमध्ये भरलेली हवा आपला भाव बदलत नाही.

आजकाल पारावर पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवरून जे वाद चालतात त्यांत मला हे सांगावंसं वाटतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. ॲव्हरेज त्या मानाने उतरणार, त्यात खोटं काही नाही. पण "गाडी ओढत नाही" हा आरोप वेगळा. मिश्रणाचं प्रमाण राखलेलं असेल तर सिलिंडरमधली हवा तीच, तिच्यातून निघणारी उष्णता तीच, दाब तोच. टाकी लवकर रिकामी होईल, चढावर गाडी मरणार नाही. मरत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. (ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात उसापासून गाडीचं जळण करायचं, हा वाद मात्र खरा आहे. तो दाबाच्या सूत्राने सुटणारा नाही.)

हवेचा हा हिशोब आमच्याकडे ऋतूप्रमाणे बदलतो. पठार 600 मीटर उंचीवर, तिथेच समुद्रकिनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के हवा कमी. त्यात मे महिन्याची दुपार, 43 अंश. थंडीत पहाटे 10 अंशांना सिलिंडरमध्ये जितकी हवा मावते, तिच्यातली दहा टक्के मेच्या दुपारी मावत नाही. नेमकं तेव्हाच पाणी तळाला गेलेलं असतं आणि उपसा वाढलेला. ओझं जास्त, हवा कमी. गव्हर्नर आपलं काम करतो : फेरे पडायला लागले की डिझेल वाढवतो. हवा नसलेल्या जागी गेलेलं डिझेल अर्धं जळतं, अर्ध्याची काजळी होते. काळा धूर म्हणजे इंजन जोर लावतंय असं समजून खूश होणारे शेतकरी मी पाहिले आहेत. तो धूर म्हणजे न जळलेले पैसे.

मग कुणीतरी मिस्त्रीला सांगतं, डिझेल सोडणारा पंप वाढवून दे. ट्रॅक्टरवाल्यांत तर ही सर्रास पद्धत आहे, कारखान्याच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या असतात. पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं. हवेला थोडी सवड शिल्लक असेल तोवर दाबही वाढतो, ओढही वाढते. ती सवड संपली की फक्त धूर वाढतो, पिस्टनचा माथा तापतो आणि रिंगा अडकतात. आमच्या चौफुलीवरचा मिस्त्री हे एका वाक्यात सांगतो : "डिझल लय देऊन उपेग नाही मास्तर, त्याला वारंच घ्याया येईना, दम कोंडायलाय त्याचा." मी यावर तासभर शिकवतो.

वारं जास्त घ्यायला लावण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट केली. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा दुप्पट झाली की डिझेल दुप्पट जाळता येतं आणि सरासरी दाबाची ती हटवादी रेषा हलते. आजच्या टर्बो ट्रकांत तो दाब 20 बारला पोचतो. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेला ट्रक चढताना जी शिट्टी ऐकू येते, ती त्या चक्राची.

हे सगळं ऐकल्यावर भाचा काय विचारणार ते मला कळलंच होतं. आबांच्या इंजनाला टर्बो लावायचा. म्हटलं, सेकंदाला पाच ठोके, म्हणजे धुराचे पाच फुत्कार. दोन फुत्कारांच्या मधल्या वेळात ते चक्र मरगळणार. लागलंच कसंबसं, तर वरचा दाब इतका चढेल की हेडचे स्टड ताणले जातील, गास्केट उडेल आणि बेअरिंगचा मऊ धातू पिळून निघेल. त्याचं समाधान झालं नाही. त्याने थेट मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्रीने ताडपत्री ओढली, फ्लायव्हील हाताने थोडं हलवून कॉम्प्रेशन पाहिलं, मान डोलावली. मग एअर फिल्टरचं टोपण उघडून आत बोट घातलं. कुंभारमाशीने मातीचं घर बांधून फिल्टरची नळी जवळजवळ बुजवून टाकली होती. ते ढेकूळ त्याने भाच्याच्या हातावर ठेवलं. "टर्बो मंग बगू. आदी हे काढा, अन् फिल्टर रॉकेलनं धुऊन घ्या."